वाकडी अक्षरं, सरळ माणसं

सगळा फॉर्म भरून झालेला असतो. नाव, पत्ता, पिनकोड, पन्नास केबीच्या आत बसवलेला फोटो, त्याहून लहान मापात कशीबशी कोंबलेली सही. तळाशी एक करडी पट्टी आणि तिच्यात सहा अक्षरं. पहिलं ‘जी’ आहे की ६? मधलं गोल म्हणजे ‘ओ’ की शून्य? आणि शेवटची ती उभी रेघ कॅपिटल ‘आय’ आहे, स्मॉल ‘एल’ आहे, आकडा १ आहे, की चित्र खराब करण्यासाठी मारलेली नुसतीच रेघ? अंदाजपंचे काहीतरी टाईप करून बटण दाबावं, तर लाल अक्षरांत ‘इनव्हॅलिड कॅप्चा’. पान नव्याने उघडतं. फोटोची जागा रिकामी, सहीचीही रिकामी.

बहुतेकांना वाटतं, आपले डोळे गेले किंवा आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही. दोन्ही खरं नसतं. हे चित्र वाचायला अवघड असावं म्हणूनच बनवलेलं असतं, फक्त ते यंत्राला अवघड जावं असा बेत होता. तो बेत दहा वर्षांपूर्वीच फसला आहे. यंत्रं आता ही अक्षरं आपल्यापेक्षा चांगली वाचतात आणि पहाऱ्यावर आपण अडकतो.

पहारा कोणावर?

वेबसाइटवर येणारी सगळीच गिऱ्हाइकं माणसं नसतात. बॉट नावाचे छोटे प्रोग्रॅम मिनिटाला शेकडो फॉर्म भरू शकतात. त्यांच्या जोरावर हजारो खोटी ईमेल खाती उघडायची, त्यांवरून जाहिराती पाठवायच्या, चोरलेले पासवर्ड एकेका खात्यावर लावून बघायचे, तिकिटं घाऊक भावात अडवून ठेवायची असे उद्योग चालतात. त्यांना दारातच थांबवायला माणसाला चटकन जमेल आणि यंत्राला जमणार नाही अशी एखादी चाचणी हवी. तीच कॅप्चा.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो. मोबाइलवर ओटीपी येणारच असेल, तर त्याच्या आधी पुन्हा कॅप्चा कशाला? कारण प्रत्येक एसएमएसचे पैसे वेबसाइटवाल्याला मोजावे लागतात. ‘ओटीपी पाठवा’ हे बटण उघडं ठेवलं, तर एखादा बॉट ते रात्रभर दाबत बसेल. साइटवाल्याला बिल येईल आणि कुणा तिऱ्हाइताच्या फोनवर ओटीपींचा पाऊस पडेल. त्यामुळे पहारा हवा हे मान्यच आहे. भांडण आहे ते पहारेकऱ्याच्या पद्धतीशी.

स्कॅनरचं माहितीपुस्तक उलटं वाचलं

गूगलच्या आधी अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन जोरात होतं. आपल्या साइटचा पत्ता त्यात कुणालाही टाकता येई, आणि लोक बॉट लावून हजारो फालतू पत्ते टाकत. १९९७ मध्ये आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. छापील अक्षरं कॉम्प्युटरने वाचावीत यासाठी ओसीआर नावाचं तंत्र वापरतात. ते नीट चालावं म्हणून काय करावं, हे ब्रदर कंपनीच्या एका स्कॅनरच्या माहितीपुस्तकात दिलेलं होतं. अक्षरांचं वळण एकच ठेवा, कागद सरळ धरा, पार्श्वभूमी स्वच्छ असू द्या, वगैरे. मंडळींनी त्यातला प्रत्येक सल्ला उलटा केला. वळणं मिसळली, अक्षरं तिरकी केली, मागे नक्षी भरली. यंत्रं गडबडली आणि माणसं मात्र वाचू शकली. फालतू पत्त्यांची भर पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली, असं त्यांनी सांगितलं.

त्यानंतर २००० साली याहूची पाळी आली. तिथल्या चॅटरूममध्ये जाहिरातबाज बॉट घुसत आणि फुकट ईमेलची खाती ढिगाने उघडली जात. याहूचे उदी मॅनबर कार्नेगी मेलन विद्यापीठात आले असताना त्यांनी ही अडचण मांडली. मॅन्युएल ब्लूम हे संगणकशास्त्रातलं सर्वोच्च मानलं जाणारं ट्युरिंग पारितोषिक मिळालेले प्राध्यापक आणि ग्वाटेमालाहून आलेला लुईस फॉन आन हा त्यांचा विद्यार्थी कामाला लागले. त्यांच्या गटाने ‘गिंपी’ नावाची चाचणी तयार केली. तिच्यात एकमेकांवर चढलेले अनेक इंग्रजी शब्द दिसत आणि त्यांतले तीन ओळखायचे असत. याहूने तिची सोपी आवृत्ती घेतली, ‘ईझी-गिंपी’. तिच्यात एकच शब्द असे.

२००३ मध्ये या गटाचा शोधनिबंध आला. वरचं पारितोषिक ज्याच्या नावाचं आहे, त्या अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० मध्ये यंत्र माणसासारखं बोलतं का हे माणसानेच तपासावं अशी कसोटी सुचवली होती. कॅप्चात तिची उलटापालट झाली. परीक्षक यंत्र आणि परीक्षेला बसलेला माणूस. यातला विनोद तेव्हा कुणाला फारसा जाणवला नसावा.

अक्षरं एकमेकांना चिकटवतात कशासाठी?

त्याच २००३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांनी ईझी-गिंपी ९२ टक्के वेळा सोडवून दाखवली. अवघड गिंपीसुद्धा तीनातून एकदा सुटली. शब्द ठराविक यादीतले होते, त्यामुळे अर्धवट ओळखलेल्या अक्षरांवरून पूर्ण शब्द जुळवता येत होता. मग शब्द गेले आणि अर्थहीन अक्षरांची जुळवाजुळव आली. तेव्हापासून माणसाचाही एक आधार गेला. शब्द असता तर आपणही अंदाजाने पुरा केला असता.

पुढचा धक्का मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दिला. कुमार चेल्लापिल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास दाखवलं की एकेक सुटं अक्षर, मग ते कितीही वाकवलेलं असो, यंत्र माणसापेक्षा चांगलं ओळखतं. यंत्राची खरी अडचण आधीच्या पायरीवर होती. एक अक्षर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे त्याला कळत नसे. हा निष्कर्ष हाती येताच चित्रं बनवणाऱ्यांनी अक्षरं वाकवण्यापेक्षा ती एकमेकांत घुसवायला सुरुवात केली. मधून आडव्या रेघा ओढल्या, शेजारच्या अक्षरांचे पाय गुंतवले. ‘आर’ आणि ‘एन’ जवळ आले की ‘एम’ वाटू लागतात, दोन ‘व्ही’ मिळून ‘डब्ल्यू’ होतो. आपल्याला आज जो त्रास होतो त्यातला मोठा भाग याच काळातला.

कसोटी चांगली म्हणायची तर माणसाला ती नव्वद टक्के वेळा जमली पाहिजे आणि यंत्राला दहा हजारांत एकदा, असं त्या काळी मानलं जाई. २००८ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या जेफ यान आणि त्यांच्या सहकाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्याच कॅप्चातली अक्षरं नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा सुटी करून दाखवली. पूर्ण उत्तर साठ टक्क्यांच्या आसपास बरोबर येत होतं. दहा हजारांत एकदा कुठे आणि दहांत सहा वेळा कुठे!

माणसाची गुणपत्रिका

आता आपल्याकडे पाहू. २०१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २१ प्रकारचे, एकूण तीन लाखांहून जास्त कॅप्चा लोकांकडून सोडवून घेतले. चित्राला सरासरी ९.८ सेकंद लागले. एकच चित्र तीन माणसांना दाखवलं तर तिघांचं उत्तर जुळण्याचं प्रमाण ७१ टक्के निघालं. म्हणजे दहांतल्या तीन चित्रांत नेमकं काय लिहिलंय यावर तीन डोळस माणसांचंही एकमत नव्हतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना जास्त वेळ लागला, हेही त्यात आलं.

२०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतून दुसरा अभ्यास आला. १४०० माणसं, १४,००० कॅप्चा. वाकड्या अक्षरांच्या चित्रांना माणसांना ९ ते १५ सेकंद लागले आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण ५० ते ८४ टक्के राहिलं. संशोधकांनी बॉटच्या कामगिरीचे आधी प्रसिद्ध झालेले आकडे शेजारी ठेवले: एका सेकंदाच्या आत, ९९.८ टक्के बरोबर.

हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की, मग उलटच नियम करावा. बरोबर उत्तर देईल तो बॉट, चुकेल तो माणूस.

फुकटात पुस्तकं वाचून घेतली

या कटकटीतून एक चांगलं कामही झालं, तेही लुईस फॉन आनमुळेच. जगात रोज सुमारे २० कोटी कॅप्चा सोडवले जातात, प्रत्येकाला दहा सेकंद धरले तर माणसांचे रोज पाच लाख तास जातात, असा त्याचा हिशेब होता. हे तास वापरता आले तर? जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करताना फिकट शाईमुळे ओसीआरला पाचातला एक शब्द लागत नसे. असे अडलेले शब्द त्याने कॅप्चात टाकले. २००७ मध्ये आलेल्या या पद्धतीचं नाव रीकॅप्चा.

तिच्यात दोन शब्द दिसायचे. एकाचं उत्तर यंत्राला ठाऊक असे आणि परीक्षा त्याचीच असे. दुसरा शब्द अडलेला. पहिला बरोबर आला की दुसऱ्याचं उत्तरही विश्वासाचं मानायचं, आणि आणखी काही जणांनी तेच लिहिलं की शब्द लागला. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक आणि कितीतरी ग्रंथ असे वाचले गेले. पहिल्या वर्षभरातच ४४ कोटी शब्द लागले, अचूकता ९९ टक्क्यांहून जास्त. २००९ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली. दोनांतला कोणता शब्द परीक्षेचा हे ओळखून दुसऱ्याच्या जागी वाटेल ते लिहिणारे महाभाग अर्थातच होते, पण बहुमतापुढे त्यांचं काही चाललं नाही.

पुस्तकं झाल्यावर रीकॅप्चात रस्त्यावरच्या घरांच्या फोटोंतले नंबर आले. ते वाचायला गूगलने यंत्र तयार केलं आणि २०१४ मध्ये तेच यंत्र स्वतःच्या कॅप्चावर सोडून पाहिलं. सर्वांत अवघड अक्षरचित्रं त्याने ९९.८ टक्के अचूक वाचली. कुलूप बनवणाऱ्यानेच आपलं कुलूप उघडं पडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी डिसेंबरात गूगलने ‘मी रोबो नाही’ या शेजारी टिचकी मारायची चौकट आणली. त्यानंतरही जी साइट सहा वाकडी अक्षरं विचारते, ती कोणत्या सालात राहते हे तिने सांगावं.

फायर हायड्रंट म्हणजे काय रे भाऊ?

टिचकी मारताना यंत्राला टिचकीत रस नसतो. माऊस कसा सरकला, ब्राउझरमध्ये आधीच्या खुणा आहेत का, इंटरनेटचा पत्ता संशयास्पद आहे का, अशा गोष्टींवरून ते अंदाज बांधतं. शंका आली तर नऊ किंवा सोळा खणांचं चित्र पुढे येतं: ट्रॅफिक सिग्नल असलेले सगळे खण निवडा.

सिग्नलचा खांब धरायचा की फक्त दिवे? शेजारच्या खणात दिव्याची कोर आली आहे ती मोजायची का? नियम कुठेही लिहिलेला नसतो. शिवाय चित्रं बहुतेक अमेरिकेची. पिवळी स्कूलबस, घराच्या छपरावरचं धुराडं आणि फुटपाथवरचा तो बुटका लाल नळकांड्याचा खांब, म्हणजेच फायर हायड्रंट. आग लागल्यावर अग्निशामक दल त्याला पाइप जोडतं. लातूरच्या किंवा कुडाळच्या माणसाने आयुष्यात तो पाहिलेला नसतो. अनेकांची त्याच्याशी ओळख झाली ती याच चित्रांमुळे.

हे खणही यंत्रापुढे टिकलेले नाहीत. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी ते १०० टक्के सोडवून दाखवले.

दुसरा अनुभव मोबाइल डेटावर येतो. घरच्या वायफायवर कोडं येत नाही आणि फोनवर दर वेळी येतं. मोबाइल कंपन्या इंटरनेटचा एकच पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात. त्यांतल्या एखाद्याने उपद्व्याप केले की त्याच पत्त्यावरच्या बाकीच्यांकडेही संशयाने पाहिलं जातं. व्हीपीएन लावून दुसऱ्याच पत्त्यावरून इंटरनेट वापरणाऱ्यांचंही हेच होतं.

हजार चित्रं, चाळीस रुपये

एवढ्यावरही यंत्र अडलंच तर चोरांकडे सोपी वाट आहे, माणूस कामाला लावायची. कॅप्चाचं चित्र इंटरनेटवरून दुसऱ्या देशातल्या माणसाच्या पडद्यावर जातं, तो अक्षरं टाईप करतो, उत्तर काही सेकंदांत बॉटकडे परत. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या धंद्याची बातमी दिली तेव्हा हे काम भारत, बांगलादेश, चीन इथे चालत होतं आणि हजार चित्रांना ८० सेंट ते १ डॉलर २० सेंट मिळत. तेव्हाच्या दराने साधारण पस्तीस ते पंचावन्न रुपये. एका चित्राला दहा सेकंद धरले तर हजार चित्रांना पावणेतीन तास लागतात. डोळे फोडून घेऊन मिळणारी ही मजुरी.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी या बाजाराचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं मला नेमकं वाटतं: कॅप्चाने चोर थांबत नाही, चोरीचा खर्च थोडा वाढतो. ज्याला एका खोट्या खात्यातून काही पैसे सुटतात, त्याला एका चित्रामागे काही पैसे घालवणं परवडतं. परवडत नाही ते फक्त आपल्याला, कारण आपल्या दहा सेकंदांचा भाव कुणी धरतच नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करावं?

दृष्टिहीन माणसाच्या फोनमधला स्क्रीन रीडर पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. कॅप्चाच्या चित्राशी येऊन तो गप्प होतो. चित्रात काय आहे हे त्याला सांगता आलं असतं, तर बॉटलाही सांगता आलं असतं. म्हणजे ही अडचण रचनेतच आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २००५ मध्येच यावर टिपण काढून सावध केलं होतं.

तोडगा म्हणून ऐकायचा कॅप्चा आला. खरखरीत, मागे दुसरेच आवाज, इंग्रजी आकडे परदेशी उच्चारात. स्टॅनफर्डच्या अभ्यासात त्याला सरासरी २८.४ सेकंद लागले आणि तिघांचं एकमत जेमतेम ३१ टक्के. यंत्राचं काय? २०१७ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या आवाज ओळखणाऱ्या सेवा वापरून रीकॅप्चाचा आवाज ८५ टक्के वेळा सोडवला.

२०२३ मधली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जीपीटी-४ या एआय मॉडेलची चाचणी घेताना त्याला कॅप्चा सोडवायचा होता. त्याने इंटरनेटवरून कामाला माणूस गाठला. ‘तू रोबो आहेस का?’ असं त्या माणसाने विचारलं, तर ‘नाही, मला नीट दिसत नाही,’ असं उत्तर मिळालं. चित्र सोडवून मिळालं. ज्यांना खरोखर दिसत नाही, त्यांना रोज इतक्या सहज कुणी भेटत नाही.

आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीसंबंधीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं आणि दिव्यांगांसाठी सोयी करण्याचे निर्देश दिले. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्ती होत्या, मुद्दा ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवण्याचा होता. पण कॅप्चाचं चित्रही त्याच रांगेतलं आहे.

मराठी पान, इंग्रजी कुलूप

कितीतरी सरकारी पानं आता मराठीत आहेत. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर सगळं मराठीत निवडता येतं. शेवटी कॅप्चा मात्र इंग्रजी, तोही स्मॉल-कॅपिटलचा भेद पाळणारा. मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याला स्मॉल ‘के’ आणि कॅपिटल ‘के’ यांच्यात उंची सोडून फरक काय, हे कुणी कधी सांगितलेलं नसतं. मग महा ई-सेवा केंद्र गाठायचं. एका केंद्रात मी पाहिलं, खुर्चीवरचा मुलगा चित्राकडे न बघता शेजारच्या मुलीला म्हणत होता, ‘वाच गं.’ ती स्वतःच्या पडद्यावरचं काम थांबवून मान तिरकी करून वाचायची, ‘मोठा एच, सात, छोटा क्यू… नाही, नऊ असेल,’ आणि हा टाईप करायचा. दोघांचं मिळून एक उत्तर. स्टॅनफर्डवाले खूश झाले असते.

मग कॅप्चा देवनागरीत का नाही? गंमत अशी, की इंग्रजी अक्षरं यंत्राला तोडता येऊ नयेत म्हणून जी आडवी रेघ मुद्दाम मारावी लागते, ती आपल्या लिपीत जन्मापासून आहे. शिरोरेषेने अख्खा शब्द जोडलेला असतो. पण यंत्राला ती सापडायला वेळ लागत नाही. ज्या ओळीत शाई सर्वांत जास्त ती शिरोरेषा, ती पुसली की अक्षरं बऱ्याच प्रमाणात सुटी होतात. माणसाची मात्र पंचाईत होईल. भ आणि म, घ आणि ध, ख आणि ‘रव’ यांतला फरक शिरोरेषेतल्या फटीवर किंवा दोन रेघांमधल्या अंतरावर असतो, आणि तेच कॅप्चा बिघडवतो. चित्रावर उडवलेल्या ठिपक्यांतला अनुस्वार कोणता आणि कचरा कोणता, हे तर ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. त्यात प्रत्येकाच्या फोनवर मराठीचा कीबोर्ड निराळा. जोडाक्षर टाईप करता करता कॅप्चाची मुदत संपेल. सारांश, भाषा बदलून हा रोग बरा होणार नाही.

दुसरे पहारेकरी

पर्याय आहेत, आणि बरेच जुने आहेत. पानावर एक रकाना असा ठेवायचा की तो माणसाला दिसणारच नाही. बॉट दिसेल तो रकाना भरतो. भरला की पकडला. याला हनीपॉट म्हणतात. फॉर्म दोन सेकंदांत भरून झाला तर तो माणसाने भरलेला नाही, हेही यंत्राला कळतं. एका ठिकाणाहून मिनिटाला किती वेळा प्रयत्न होऊ द्यायचे यावर मर्यादा घालता येते. लहान साइटला एवढं पुष्कळ झालं.

आणखी एक युक्ती म्हणजे कोडं माणसाला न घालता त्याच्या कॉम्प्युटरला घालायचं. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये ही कल्पना स्पॅमसाठी मांडली, अ‍ॅडम बॅकच्या हॅशकॅशने १९९७ मध्ये ती वापरात आणली. तुमचा फोन क्षणभर आकडेमोड करतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. लाखो फॉर्म भरणाऱ्या बॉटला मात्र तेवढी वीज आणि तेवढा वेळ लाखो वेळा मोजावा लागतो. क्लाउडफ्लेअर कंपनीने २०२२ मध्ये आणलेलं टर्नस्टाइल चित्र न दाखवता अशाच पार्श्वभूमीतल्या तपासण्या करतं. या मूक पहाऱ्यांची किंमतही आहे. त्यांतले काही आपल्या हालचालींची भरपूर माहिती गोळा करतात, आणि ती जाहिरातवाल्या कंपनीकडेच जात असेल तर वैताग बरा होता असं वाटू शकतं.

जिथे बरंच काही पणाला लागलेलं असतं तिथे नुसत्या चित्रावर कुणी विसंबतच नाही. रेल्वेने जून २०२५ मध्ये सांगितलं की तत्काळ बुकिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असत. उपाय काय केला? अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली आणि १ जुलैपासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारने पडताळलेलं खातं सक्तीचं केलं. म्हणजे माणूस आहेस का हे न विचारता कोण आहेस हे विचारलं. त्याचेही प्रश्न आहेत, पण निदान शून्य की ‘ओ’ हा प्रश्न त्यात नाही.

मग जुनी चित्रं टिकतात कशी? साइट बनवून घेताना सुरक्षेच्या यादीत ‘कॅप्चा आहे का?’ असा रकाना असतो. आहे, असं लिहिलं की काम झालं. तो किती जुना आहे, वाचता येतो का, हे कुणी विचारत नाही. ज्यांत चित्राचं उत्तर पानाच्या कोडमध्येच साध्या अक्षरांत पडलेलं असतं, अशीही पानं सापडतात. बॉट ते तिथूनच उचलतो आणि चित्राकडे पाहणारे आपण तेवढे उरतो.

अडकलात तर

कित्येकदा चूक अक्षरांत नसतेच. कॅप्चाचं बरोबर उत्तर सर्व्हरवर तुमच्या नावाने ठेवलेलं असतं. तीच साइट दुसऱ्या टॅबमध्ये उघडली की बऱ्याचदा नवं चित्र तयार होतं आणि जुन्याचं उत्तर पुसलं जातं. मग पहिल्या टॅबमध्ये कितीही बरोबर लिहिलं तरी चूकच. म्हणून एका साइटची एकच टॅब. ‘बॅक’ करून आलात तर समोर दिसणारं चित्रही जुनंच असू शकतं, ते बदलून घ्या. उत्तराला मुदत असते, त्यामुळे कॅप्चा सगळ्यात शेवटी भरा, कागद शोधायला उठण्याआधी नव्हे.

फोन पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, सुचवलेल्या शब्दावर बोट पडलं तर शेवटी एक रिकामी जागा सोडतो, आणि कीबोर्ड मराठीवर असेल तर 7 च्या जागी ७ उमटवतो. तिन्हींमुळे उत्तर चुकतं. चित्र धड दिसत नसेल तर डोळे ताणत बसू नका. शेजारची गोल बाणाची खूण दाबून दुसरं मागवा. चुकीच्या उत्तरांची मोजदाद होते आणि फार चुकलं तर काही साइट खातं काही वेळ अडवतात. चित्र नुसतं बदलून घेतलं तर सहसा तसं होत नाही. फोटो आणि सही आधीच योग्य मापात करून एका फोल्डरमध्ये ठेवली, की पान पुसलं गेलं तरी तळपायाची आग मस्तकात जात नाही.

कॅप्चाचा मुखवटा घातलेला चोर

वर्षानुवर्षांच्या या सवयीचा फायदा आता भामटे घेतात. २०२४ पासून खोट्या कॅप्चाची एक तऱ्हा पसरली आहे. एखादा सिनेमा किंवा सॉफ्टवेअर शोधताना पान उघडतं, नेहमीचीच ‘मी रोबो नाही’ची चौकट दिसते. टिचकी मारली की सूचना येते: खात्री करण्यासाठी विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. टिचकी मारताच पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी केलेली असते. या तीन पायऱ्यांनी ती तुम्ही स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरला देता आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आत येतो. अँटिव्हायरसलाही कधी कधी शंका येत नाही, कारण आज्ञा मालकाने दिलेली असते.

खरा कॅप्चा काय करायला सांगतो ते सगळं त्या पानाच्या आतच असतं: अक्षरं लिहा, खण निवडा, तुकडा सरकवा. पानाबाहेरचं काहीही उघडायला, काहीही पेस्ट करायला किंवा फाइल उतरवायला तो सांगत नाही. तसं सांगितलं तर टॅब बंद करा. एंटर दाबला गेलाच असेल तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट ताबडतोब तोडा, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, आणि पैसे गेल्याचं दिसलं तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.